चिनी बोलण्याचा सारांश मशीनने दिला, पण त्यावर विसार द्यायचा का?

सांवेररोडकर
सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, जरा अडलंय. आमचं इंदूरला सांवेर रोडवर पॅकिंग मशीनचं काम आहे. गिऱ्हाईक म्हणजे सगळे शेव-नमकीनवाले. दुरुस्ती, सुटे भाग, आणि कोणाला नवं मशीन हवं असेल तर मागवून देणं. एप्रिलमध्ये पुतण्या ग्वांगझूच्या कँटन फेअरला गेला होता, तिथून पुढे फोशानच्या एका कारखान्यात दोन दिवस. सोबत दुभाषी मुलगी होती, पण तिची तऱ्हा अशी की ते लोक आपसात पाच मिनिटं बोलणार आणि ही इंग्रजीत दोन शब्द सांगणार, 'ही ॲग्रीज'. पोराने त्यांना विचारून मोबाइल टेबलावर ठेवला आणि सगळं रेकॉर्ड केलं. ३ तास २० मिनिटं.

आता कोटेशन आलंय आणि आमच्या आठवणीशी जुळत नाहीये. म्हणून रेकॉर्डिंग एका फुकट मॉडेलला ऐकवलं, त्याने चिनी मजकूर काढून दिला. तो दुसऱ्या एआयला देऊन मराठीत सारांश मागितला. मराठी काय सुरेख! अग्रलेख वाचतोय असं वाटलं. मुद्दे असे:

चार हेडचं (हेड म्हणजे माल तोलणारा एकेक कप्पा) वजनयंत्र ठरलं. किंमत ३०,००२ युआन. सुट्या भागांवर ८० टक्के सूट. माल वर्ष संपायच्या आत. भाडं खरेदीदार देणार. दोन्ही बाजू सर्व मुद्द्यांवर सहमत.

८० टक्के सूट वाचून बायको म्हणाली, मशीन विकतायत की रद्दी? आणि आम्ही तर दहा हेडचं बघायला गेलो होतो. कहर म्हणजे चिनी मजकुराच्या शेवटी 'लाइक करा, सबस्क्राइब करा' अशा अर्थाची ओळ आहे. कारखान्यात कोण कोणाला सबस्क्राइब करणार?

भरवसा ठेवता येईल असा सारांश काढायचा कसा? सॉफ्टवेअर बदलू का?

शेव_गाठ्या
सोमवार, रात्री १०.३१

८० टक्के सूट? भिया, दोन मशीन आमच्या नावावर. पोह्यांवर शेव आपोआप पडत असेल तर तीन.

रात्रीचा_सराफा
सोमवार, रात्री ११.५५

मूळ इंदूरचाच, सध्या बंगळुरात आवाजावरच्या मॉडेलांचं काम करतो. सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे बघा की तुमच्याकडे एक नाही, दोन मशीनं आहेत. पहिलं ऐकतं, दुसरं आटोपशीर करतं. पहिल्याने चूक ऐकलं की दुसरं ती चूक इस्त्री करून देतं. सारांश वाचायला जितका गुळगुळीत, तितकी चूक दिसत नाही. चिनी मजकुरात निदान वाक्य विचित्र दिसलं असतं.

'सबस्क्राइब' का आलं? ही मॉडेलं इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या उपशीर्षकांवर शिकतात. व्हिडिओच्या शेवटी शांतता असते आणि उपशीर्षकात असली ओळ असते. म्हणून बोलणं थांबलं आणि नुसती मोटर घरघरत राहिली की मॉडेलला तीच ओळ आठवते. उपाय सोपा आहे. बोलण्याचे तुकडे आधी वेगळे काढा, शांततेचे आणि घरघरीचे फेकून द्या, मगच मॉडेलला ऐकवा.

बाकी 'चिनी आवाज ओळखणं आता सुटलेला प्रश्न आहे' असं कोणी म्हणालं तर विचारा, कुठला आवाज? २०१७ साली आलेला आयशेल-१ हा मॉडेलं शिकवायला-तपासायला वापरतात तो चिनी आवाजाचा प्रसिद्ध संच आहे, ४०० लोकांचा सुमारे १७० तासांचा आवाज. पण शांत खोलीत, समोरचं वाक्य वाचून दाखवलेला. चिनी बोलण्याच्या सारांशावरचं बरंचसं जुनं काम तैवानमधे झालं, तेही टीव्हीच्या बातम्यांवर. २००१ ते २००३ मधल्या जवळपास २०० तासांच्या बातम्यांचा संच त्यासाठी वापरत. बातमीत निवेदक पहिल्या दोन वाक्यांतच सगळं सांगून टाकतो, म्हणजे अर्धा सारांश त्यानेच केलेला असतो. तुमच्या टेबलावर तीन माणसं, चहाचे पेले आणि मागे चालू मशीन.

चौथा_सूर
मंगळवार, सकाळी ७.१०

माहेर रामबाग, आता पुण्यात असते. गेली बरीच वर्षं चिनी दुभाषाचं काम करते, त्यामुळे त्या मुलीबद्दल थोडी सहानुभूती आहे, पण ते असो.

दादा, तुमच्या सारांशातली प्रत्येक चूक मला ओळखीची आहे. एकेक घेते.

८० टक्के सूट: ते 'ता पा झ' म्हणाले असणार. पा म्हणजे आठ. आपण किती कमी केले ते सांगतो, ते किती उरले ते सांगतात. आठ झ म्हणजे दहातले आठ द्या. सूट २० टक्केच. वहिनींना सांगा, रद्दी नाही.

३०,००२: हे 'सान वान अर' असणार. वान म्हणजे दहा हजार. आपलं माप हजारानंतर लाखावर जातं, त्यांचं वानावर, आणि १० वान म्हणजे आपला १ लाख. तीन वान दोन असं म्हटलं की तो दोन पुढच्या घरातला, म्हणजे दोन हजार. किंमत ३२,०००. मधे खरंच रिकामी घरं असती तर 'लिंग', म्हणजे शून्य, उच्चारून दाखवलं असतं.

चार की दहा: खरी मेख इथे आहे. शुद्ध मँडरिनमधे, म्हणजे तिथल्या प्रमाण भाषेत, दहाला श आणि चारला स. पण फोशान पडलं कँटनी बोलणाऱ्यांच्या मुलखात, आणि कँटनीत हा फरकच नाही, त्यामुळे तिथली पुष्कळ माणसं मँडरिन बोलतानाही दोन्हीकडे स म्हणतात. मग माणसाने ओळखायचं कसं? सुरावरून. दहाचा सूर खालून वर चढतो, आपण दचकून 'काय?' म्हणतो तसा. चारचा सूर वरून धाडकन खाली येतो. मोटरच्या घरघरीत मॉडेलला तो चढ-उतार सापडला नसेल. त्यात चार हेडचं साधं वजनयंत्रही बाजारात मिळतं आणि दहा हेडचंही, त्यामुळे संदर्भावरूनही त्याला शंका आली नाही. मँडरिनमधे सूर सोडले तर वेगवेगळे उच्चार उरतात चारशेच्या आसपास. एवढ्यात सगळी भाषा बसवायची म्हटल्यावर समोच्चारी शब्दांची जत्राच. विकत घेणं 'माइ' आणि विकणंही 'माइ', फरक फक्त सुराचा. माझ्या धंद्यातले निम्मे पांढरे केस त्या दोन शब्दांमुळे आहेत.

वर्ष संपायच्या आत: 'न्यन छ्यन' म्हणाले का ते ऐका. शब्दशः 'वर्षाआधी', पण व्यापारात त्याचा अर्थ त्यांच्या नववर्षाआधी, आणि ते २०२६ मधे १७ फेब्रुवारीला होतं. तुमचे ३१ डिसेंबर आणि त्यांचे ते, दीड महिन्याचा फरक. आणि त्या सुटीत कारखाने बंद.

बाकीचं संध्याकाळी, आता एक मीटिंग आहे.

शेव_गाठ्या
मंगळवार, सकाळी ९.०२

ताई, दंडवत. टाइमपास जिलबी म्हणून उघडला होता धागा, पोहे गार झाले वाचता वाचता.

मोजून_मापून
मंगळवार, सकाळी ११.४०

एवढा उपद्व्याप कशाला? पुरवठादाराला मेल टाका, सगळं लेखी द्या म्हणावं. विषय संपला. आणि आजकालची मॉडेलं नव्वद टक्क्यांच्या वर अचूक असतात असं वाचलंय.

सांवेररोडकर
मंगळवार, दुपारी १.१५

साहेब, लेखी आलंच आहे, त्यांच्या सोयीचं. आता मी 'काय ठरलं होतं?' असं विचारलं तर त्यांना कळणार की याला काहीच आठवत नाही. मग ते सांगतील तेच ठरलेलं. सियागंजात कुठल्याही गादीवर बसून बघा, भाव विचारणारा आणि भाव माहीत असलेला यांत काय फरक पडतो ते.

बडोद्याचा_बाळ
मंगळवार, दुपारी ३.३०

मकरपुरा जीआयडीसीतून. सांवेररोडकरांशी शंभर टक्के सहमत, आणि पैसे देण्याआधी माझं ऐका. आम्ही पण चिनी पुरवठादाराशी बोलणी रेकॉर्डवरून लिहून काढली होती. मजकुरात 'तिंग-जिन ३० टक्के' असं आलं, सारांशात 'आगाऊ रक्कम ३० टक्के'. दिली. पुढे आमच्या गिऱ्हाइकाने ऑर्डर फिरवली, आम्ही माघार घेतली, तर समोरचा म्हणतो पैसे विसरा.

नंतर समजलं की 'तिंग-जिन' दोन आहेत. एक आपला विसार: देणारा फिरला तर बुडाला, घेणारा फिरला तर दुप्पट परत. हे त्यांच्या दिवाणी संहितेत लिहिलेलं आहे, १ जानेवारी २०२१ पासून लागू. दुसरा म्हणजे नुसती उचल, व्यवहार मोडला तर परत मागता येते. दोन्हींचा उच्चार एक, सूरसुद्धा एक. लिहिताना फक्त पहिलं अक्षर वेगळं. करारावर विसाराचं अक्षर होतं आणि आम्ही सारांश वाचून सही केली. त्या संहितेत असंही आहे की विसार कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. हे एका वकिलाने सांगितलं, पण तोवर भांडायची ताकद उरली नव्हती.

चौथा_सूर
मंगळवार, संध्याकाळी ७.४५

बाळ, अगदी नेमकं. इथे मॉडेलला बोल लावता येत नाही, कारण त्या आवाजावरून मलाही सांगता येणार नाही. अशा वेळी दुभाषाने थांबवून विचारायचं असतं, 'कुठला तिंग?' मशीन विचारत नाही, जे अक्षर जास्त वेळा बघितलं असेल ते लिहून मोकळं होतं.

सकाळचं पुढे. 'भाडं खरेदीदार देणार' हे कोणी ठरवलं? मराठीत 'देऊ' म्हटलं की आम्ही, 'द्याल' म्हटलं की तुम्ही, क्रियापदच चुगली करतं. चिनी क्रियापदाला हे काही चिकटत नाही, आणि बोलताना कर्ता सर्रास गाळतात. 'भाडं देणं' एवढंच म्हणतात, कोण ते डोळ्यांनी कळतं. मराठी सारांश लिहिताना मात्र कर्ता घालावाच लागतो, म्हणून मॉडेलने एक घातला. त्याच्या दृष्टीने तो वाक्य पुरं करण्यापुरता होता. तुमच्या दृष्टीने ते कंटेनरचं भाडं आहे.

आणि 'सर्व मुद्द्यांवर सहमत'. कारखान्याचा मालक मधूनमधून 'त्वे त्वे त्वे' करत असेल. ते आपल्या सासरेबुवांचं 'हं, हं' आहे. ऐकतोय, एवढंच. खरा नकारही 'नाही' म्हणून येत नाही. 'पुन्हा बोलू', 'विचार करून बघतो' असा येतो, आणि मशीन त्याला 'सकारात्मक चर्चा' म्हणतं.

रात्रीचा_सराफा
मंगळवार, रात्री ११.२०

मोजून_मापून, असले अचूकतेचे गुण कसे मोजतात त्याचं एक उदाहरण सांगतो. सारांश तपासायला रूज नावाचं माप आहे, २००४ साली चिन-यू लिन यांनी मांडलेलं. माणसाने लिहिलेल्या सारांशातले शब्द मशीनच्या सारांशात किती आले, ते मोजायचं. चिनीत शब्दांमधे जागा सोडत नाहीत, म्हणून बऱ्याचदा एकेक अक्षरच मोजतात. आता शंभर अक्षरांच्या सारांशात दहाचं अक्षर जाऊन चारचं आलं तर एकच अक्षर चुकलं. ९९ गुण. आणि सांवेररोडकरांच्या दारात भलतंच मशीन उतरलं.

मुळात हा धंदा सुरू झाला १९५८ मधे. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची कल्पना अशी की ज्या वाक्यात वारंवार येणारे महत्त्वाचे शब्द दाटीने आलेत, ते वाक्य उचला. लेखासाठी ठीक आहे. नंतर आवाजाच्या सारांशासाठी लोकांनी इतर खुणा जोडल्या: कोण बोलतंय, किती जोरात, किती रेंगाळून, सूर कुठे चढला. चिनीत तिथेही पंचाईत, कारण सूर आधीच शब्दांच्या सेवेत आहे. चढला तो जोर देण्यासाठी की शब्दच चढता आहे? तिथे सुराचा पल्ला किती ताणला ते बघावं लागतं. आताची मोठी मॉडेलं लूनसारखं मोजत नाहीत, पण लांब मजकुराच्या मधल्या भागाकडे त्यांचं लक्ष कमी पडतं असं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं. तीन तासांच्या बैठकीत मधला भाग म्हणजे जवळजवळ सगळंच.

रामबागकर_काका
बुधवार, सकाळी ६.१५

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण सारांशातलं कळतं. ३१ वर्षं एका सहकारी संस्थेत सभांचं इतिवृत्त लिहिलं. हातानेच.

जो सभासद सर्वांत जास्त बोले त्याची इतिवृत्तात एकच ओळ होई, 'सविस्तर चर्चा झाली'. सांभाळायचं असतं ते एकदाच बोललेलं. पण हे मला उशिरा कळलं. इमारतीच्या सभेत एका संचालकाने चहा ढवळता ढवळता विचारलं होतं, 'गच्चीचा उतार नाल्याकडेच आहे ना?' कोणी उत्तर दिलं नाही, विषय पुढे गेला. ठराव झाला नाही म्हणून मी लिहिलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात रेकॉर्ड रूममधे घोटाभर पाणी. त्यानंतर मी इतिवृत्ताच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक यादी ठेवू लागलो, अनुत्तरित प्रश्नांची. अध्यक्षांना ती आवडत नसे.

तुमच्या मशीनला सारांश मागण्याऐवजी ती यादी मागून बघा.

चौथा_सूर
बुधवार, सकाळी ८.३०

काका!! आणि चिनीत हे सोपं आहे हो. हो-नाहीच्या प्रश्नाच्या शेवटी बहुतेक वेळा 'मा' येतो. नाहीतर क्रियापद दोनदा, मधे नकार: 'आहे नाही आहे?', 'शक्य नाही शक्य?' अशी रचना. मजकुरात हे शोधणं म्हणजे तांदळातले खडे नाहीत, काळे हरभरे वेचण्याइतकं सोपं.

रात्रीचा_सराफा
बुधवार, सकाळी ९.५०

छान. सांवेररोडकर, असं करू. सारांश लिहायला सांगायचाच नाही, वाक्यं उचलायला सांगायची. मूळ चिनी वाक्य जसंच्या तसं, पुढे रेकॉर्डिंगमधली वेळ, पुढे बोलणारा पहिला-दुसरा-तिसरा. तीन याद्या: आकडा असलेली सगळी वाक्यं, अट असलेली सगळी वाक्यं, आणि काकांची यादी. सगळं घरच्याच कॉम्प्युटरवर चालवा, गिऱ्हाइकांचे भाव कुठल्या सर्व्हरवर चढवू नका. मालक आणि कारागीर आपसात बोलतात ते कँटनी असेल, तो भाग वेगळा काढा. मँडरिनचं मॉडेल कँटनी ऐकलं तरी न लाजता काहीतरी मँडरिन लिहितं.

बडोद्याचा_बाळ
बुधवार, सकाळी १०.०५

वाचनखूण साठवली. काकांच्या प्रतिसादाला +१००.

सांवेररोडकर
शनिवार, रात्री ११.३०

मंडळी, तीन रात्री जागलो. पुतण्या कॉम्प्युटरवर, मी हेडफोन लावून. मला चिनीचं अक्षर कळत नाही, पण ताईंनी सांगितलेले सूर ऐकू येतात.

आकड्यांची वाक्यं ६४ निघाली. त्यातली हेडची ११. नऊ ठिकाणी सूर स्वच्छ चढतो, दचकून 'काय?' म्हटल्यासारखा. दहा हेडच. दोन ठिकाणी मशीनच्या आवाजात काही लागलं नाही. सूट २० टक्के, किंमत ३२,०००, आणि हो, 'न्यन छ्यन' दोनदा आहे. भाड्याच्या वाक्यात कर्ता नाहीच, ताईंना तो तुकडा पाठवला होता. 'तिंग-जिन' चार वेळा. बाळभाऊ, कोटेशनच्या चिनी प्रतीत अक्षर कुठलं ते ताईंनी बघून सांगितलं: विसाराचं. आणि रक्कम ३० टक्के. सोमवारी त्यावर बोलणी करतो.

आता काकांची यादी. १९ प्रश्न असे निघाले ज्यांच्यानंतर विषयच बदलला. १७ फालतू, जेवणार का, चहा घेणार का (पोराने उत्तरही दिलं नाही, घरी येऊ दे त्याला). अठरावा खोक्यांच्या लाकडाबद्दल. एकोणिसावा १ तास ४७ मिनिटांवर, एक वेगळाच आवाज, लांबून, तिथला तंत्रज्ञ असावा. मजकुरात लिहिलं होतं: 'त्यांच्याकडे चार पाहिजे पाच आहे का?' पुतण्या म्हणाला, काका, हा कचरा आहे. पण शेवटी 'मा' होता म्हणून यादीत आलं. ताईंना पाठवलं.

चौथा_सूर
शनिवार, रात्री ११.४८

मी सांगते! आकडे एकेक करून वाचताना एकला 'यी' न म्हणता 'याओ' म्हणतात, कारण 'यी' आणि सातचा 'छी' फोनवर सारखेच वाटतात. बहुतेक फोन नंबर, खोली नंबर यांसाठी, पण त्या बाबाने व्होल्टेजही नंबरसारखं वाचलं. आणि 'याओ' म्हणजे 'पाहिजे' असाही शब्द आहे, सूर वेगळा. चार-याओ-पाच. ४१५.

सांवेररोडकर
रविवार, रात्री १२.०४

त्यांच्याकडे थ्री फेज ३८० व्होल्ट, आपल्याकडे ४१५. त्या माणसाने विचारलं, 'त्यांच्याकडे ४१५ आहे का?' मालकाने ऐकलं नाही, दुभाषीने सांगितलं नाही, आणि सारांशात तर येणारच नव्हतं. कोटेशनमधे माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या मोटरपुढे लिहिलंय ३८०. आपल्या सांवेर रोडला रात्री लोड उतरला की मीटर ४३० दाखवतो, ते वेगळंच.

मेल टाकली आहे. 'काय ठरलं होतं' असं नाही विचारलं. लिहिलं, 'तुमच्या तंत्रज्ञाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: हो, ४१५.'

शेव_गाठ्या
रविवार, सकाळी ८.४०

आणि खोक्यांच्या लाकडाचं काय, भिया? अठरावा प्रश्न तसाच राहिला.

रामबागकर_काका
रविवार, सकाळी ८.५५

लिहून ठेवला आहे. पेन्सिलीने.